एक जूनचे मानकरी

जव्हार-मोखाड्यातल्या एखाद्या जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर उघडावं आणि जन्मतारखेच्या रकान्यावर वरून खाली बोट फिरवत जावं. १ जून, १ जून, १ जून. मध्येच एखादा १२ नोव्हेंबर लागतो. तो बहुतेक करून पोस्टमास्तरांचा नाहीतर बदलून आलेल्या ग्रामसेवकांचा मुलगा निघतो. बाकी अख्खा पाडा एकाच दिवशी जन्मलेला. घरोघरी मोबाइल आल्यापासून १ जूनला पहाटेच शुभेच्छांचा पाऊस सुरू होतो, खऱ्या पावसाच्या जरा आधी. केक कोणी कोणाला भरवायचा हा पेच असतो, कारण भरवणाराही त्याच दिवसाचा आणि खाणाराही.

ही करामत गुरुजींची. शाळा उघडायची जूनमध्ये. पहिलीत नाव घालायचं तर वय बसायला हवं. दारात बापाचं बोट धरून मूल उभं, आणि बापाला विचारावं ‘कधीचा रे हा?’ तर उत्तर यायचं, ‘नागलीची लावणी चालली होती, गुरुजी.’ कुठल्या सालची नागली, ते नागलीलाच ठाऊक. कोणाचा जन्म वसई-भिवंडीकडच्या वीटभट्टीवर झालेला, कोणाचा वाटेत. जन्म-मृत्यूच्या नोंदणीचा कायदा १९६९ सालचा. पण कायदा मुंबईहून घाट चढून पाड्यावर पोचायला त्याचा त्याला वेळ लागतो. मग गुरुजी मुलाचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचतो का ते बघत, त्यावरून साल ठरवत आणि दिवस-महिन्याच्या जागी १ जून टाकून मोकळे होत. कानापर्यंत हात पोचला, वय झालं. इतकं सोपं शास्त्र पुन्हा निघालं नाही.

त्याचा परतावा अठ्ठावन्न-साठ वर्षांनी मिळतो. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, असा नियम आहे. म्हणजे आमच्याकडचे शिक्षक, शिपाई, वनरक्षक ३१ मे रोजी घाऊक भावात घरी जातात. त्या दिवशी तालुक्याच्या गावी शाल आणि नारळ मिळवून दाखवावा. ऐन मे महिन्यात खांद्यावर शाल घेऊन घाम पुसणारा माणूस दिसला, की तो एक जूनचा समजावा.

हे सगळं आठवायला निमित्त झालं माझ्या भाच्याचं. तो पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. सुट्टीला आला होता आणि ओटीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. एकदम हसायलाच लागला.

‘मामा, हे बघ. जावास्क्रिप्ट ही भाषाच १९९५ सालची. आणि ही जावास्क्रिप्टची फाईल २६ ऑक्टोबर १९८५ची आहे म्हणतेय.’

‘बाकीच्या बघ.’

‘सगळ्याच १९८५च्या. झाडून सगळ्या. तारीख तीच, मिनिटसुद्धा तेच.’

‘मग गुरुजींनी घातली असणार,’ मी म्हटलं.

आणि खरंच गुरुजींनीच घातली होती. एनपीएम नावाचं जे जगड्व्याळ कोठार आहे, ज्यातून जगातले प्रोग्रामर लोक तयार सुटे भाग उचलतात, तिथे गठ्ठा बांधताना प्रत्येक फाईलवर २६ ऑक्टोबर १९८५, ग्रीनिचचे सकाळचे सव्वाआठ, अशी वेळ मारली जाते. आपल्याकडचे दुपारचे पावणेदोन, म्हणजे भल्या माणसाच्या वामकुक्षीची वेळ. ‘बॅक टू द फ्युचर’ या सिनेमातली कालयंत्राची गाडी पहिल्यांदा काळात उडी मारते ती हीच कॅलिफोर्नियातली मध्यरात्र. तेव्हा तारीख निवडणाऱ्याच्या अंगात थोडी मस्ती होती हे उघड आहे. पण नुसती मस्ती नव्हे. युनिक्स घराण्यातल्या यंत्रांचं कालगणनेचं शून्य म्हणजे १ जानेवारी १९७०, ग्रीनिचची मध्यरात्र, आपल्याकडचे पहाटेचे साडेपाच. खोटी तारीख टाकायचीच तर शून्य टाकावं, हे सरळ वाटतं. पण फायली बांधायचा झिप हा जो प्रकार आहे, त्याच्या लेखी १९८०च्या आधी जग नव्हतंच. १९७० ची फाईल समोर आली की तो गोंधळतो. म्हणून ऐंशीच्या दशकातली तारीख.

या झिपचं मला फार कौतुक वाटतं. त्याच्या मूळ रचनेत सेकंद दोन-दोनच्या उड्यांनी मोजतात, त्यामुळे विषम सेकंदाला तिथे कोणी जन्मालाच येत नाही. शिवाय वेळ कुठल्या देशातली हेही तो लिहून ठेवत नाही. जव्हारला दुपारी बांधलेलं गाठोडं लंडनला लगेच सोडलं, तर त्यातली फाईल तिथल्या घड्याळाने अजून काही तास जन्मायचीच असते. दुसरीकडे निक्स नावाची एक व्यवस्था आहे, तिथे सरसकट प्रत्येक फाईल १९७०च्या पहिल्या दिवशी, शून्यानंतर बरोबर एका सेकंदाने जन्मलेली. आमच्या रजिस्टरात निदान सालं तरी वेगवेगळी असतात.

मुद्दाम खोटी तारीख का घालायची, याचं कारण मात्र अगदी खरं आहे. एकच मूळ प्रोग्राम दोघांनी आपापल्या यंत्रावर रांधला तर निघणारा माल अक्षर न् अक्षर सारखा यावा, अशी एक चळवळ डेबियन या लिनक्सच्या मंडळींनी २०१३च्या सुमारास नेटाने सुरू केली. आडवी आली ती तारीखच. प्रत्येक यंत्र आपण काम केल्याची वेळ मालात कुठेतरी कोरून ठेवायचं, आणि त्या एका वेळेपायी दोन प्रती वेगळ्या ठरायच्या. तेव्हा ठरलं, की आपल्या घड्याळाची वेळ घालायची नाही. बदलांच्या वहीतल्या शेवटच्या नोंदीची तारीख सगळ्यांनी धरायची. तारीख स्थिर झाली आणि मग कोणीही उठून स्वतः माल बनवून वाटलेल्या मालाशी ताडून बघू शकला. मधल्या कोणी काही कालवलं असेल तर फरक दिसतोच.

तहसील कचेरीतून ज्यांनी कधी नक्कल काढली असेल त्यांना यात नवीन काही नाही. नकलेच्या शेवटी शिक्का असतो. अर्ज आल्याची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख, नक्कल दिल्याची तारीख. जुन्या युनिक्सची फाईलसुद्धा नेमक्या तीनच वेळा जवळ बाळगे: कधी वाचली, आतला मजकूर कधी बदलला, वरची माहिती कधी बदलली. त्यातलीही एक नाही सांगत की कागद मुळात जन्मला कधी. पण नकलेवर खाली आणखी दोन सह्या असतात, नक्कल करणाऱ्याची आणि रुजवात घेणाऱ्याची. एकाने मूळ वाचायचं, दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून ऐकायचं. नकलेचा भरवसा त्या रुजवातीवर. तारखा असतात त्या उशीर कोणाच्या टेबलावर झाला हे शोधायला.

सॉफ्टवेअरच्या कोठारांच्या जगभर प्रती ठेवतात, त्यांना मिरर म्हणतात. मूळ कोठारावर सगळा भार पडू नये म्हणून विद्यापीठं आणि मोठ्या संस्था आपापल्या यंत्रावर ती अख्खी उतरवून घेतात आणि रोज ताजी करतात. हे काम करणारा आरसिंक नावाचा एक कारकून आहे. त्याला मूळ तारखा जपायला बजावलं तर जपतो. विसरलात, तर दहा वर्षांपूर्वीच्या फायलीवर आजची तारीख चढते. शिवाय साहेबांची कामाची पद्धत अशी, की दोन्हीकडच्या फायलींचा आकार आणि वेळ जुळली की आत डोकावायचंच नाही. जाडी सारखी, तारीख सारखी, म्हणजे कागद तोच. आत उंदराने काय कुरतडलंय ते बघायला त्याला वेगळं सांगावं लागतं. आणि गिट म्हणून जे आहे, ज्यात हल्ली प्रोग्रामर आपलं सगळं दप्तर ठेवतात, ते तर फाईल कधी बदलली हे जपतच नाही. तुम्ही दप्तर उतरवून घेतलंत तो क्षण म्हणजेच सगळ्या फायलींची जन्मवेळ. नोंदी मात्र त्यात दोन-दोन तारखांच्या असतात, लिहिणाऱ्याची आणि दाखल करणाऱ्याची, आणि त्या दोन्ही हव्या त्या घालता येतात.

मार्च २०२४ मध्ये एक्सझी या साध्याशा, जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असणाऱ्या पॅकेजात चोरदरवाजा सापडला. बांधलेल्या गाठोड्यात असं काही होतं जे उघड्या दप्तरात नव्हतं. गाठोड्यावर सही होती आणि ती खरी होती. चोर स्वतःच आधी सेवा करून कारभारी झाला होता. हे पकडलं आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने, आणि तेही कशावरून, तर दूरच्या यंत्रात शिरताना अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढ्यावरून. कोरलेल्या वेळांनी काही सांगितलं नाही, लागलेल्या वेळेने सांगितलं.

कालगणनेचं शून्य आपलं आपण ठरवावं, ही युनिक्सवाल्यांची कल्पना मात्र जव्हारपुढे शिळी आहे. जव्हार संस्थानच्या मुकणे घराण्यातल्या नेमशाहांना दिल्लीच्या महंमद तुघलकाने राजा म्हणून मान्यता दिली ती ५ जून १३४३ रोजी. त्याचं जव्हारला इतकं मोल वाटलं, की त्या दिवसापासून संस्थानात नवा शक धरला गेला आणि तो दरबारी कागदांत वापरला जाई, अशी नोंद इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये आहे. म्हणजे युनिक्सचं शून्य वाजलं तेव्हा आमच्या शकाचं ६२७ वं वर्ष चालू होतं. बरं, मान्यता कोणाची, तर ज्याने दिल्लीची मिरर दौलताबादेत उघडली आणि परत गुंडाळून नेली, त्या सुलतानाची.

आता या ५ जूनकडे जरा जवळून बघू. तुघलकाच्या फर्मानावर जून महिना असणं शक्य नाही. तिथे हिजरी तारीख असणार. ती इंग्रजी तारखेत कोणी कधी बसवली? आणि बसवली ती जुन्या ज्युलियन पंचांगाने की नव्या ग्रेगोरियनने? नवं पंचांग १५८२ सालचं. चौदाव्या शतकात दोघांत आठ दिवसांचं अंतर पडतं. जुन्याने बसवली असेल तर आजच्या हिशेबाने हा दिवस १३ जूनला जातो. संस्थानचं शून्यच आठ दिवस मागेपुढे हलतंय म्हटल्यावर भाचा खूश झाला. त्याच्या धंद्यात हे रोजचं आहे.

यात जव्हार एकटं नाही. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेक शक सुरू केला तो ६ जून १६७४ पासून, पण हाही ज्युलियन ६ जून. आजच्या पंचांगाने तो १६ जून होतो. आपण तिथीनेही साजरा करतो, तारखेनेही करतो, त्यामुळे कोणाचा खोळंबा होत नाही. जन्माचं तर विचारूच नये. बखरींच्या आणि त्यांच्या नकलांच्या आधारावर १६२७ साल धरून बसलेल्या महाराष्ट्रापुढे कारीच्या जेध्यांकडची शकावली आली, १९१६ मध्ये टिळकांनी ती छापवली, आणि फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, असा निकाल बलवत्तर ठरला. ज्यांना रोज नोंदी ठेवायची सवय होती त्यांचं रुक्ष टाचण, रसाळ बखरींच्या थप्पीवर भारी पडलं. रसाळ मजकुराबद्दल मला आधीपासून थोडा संशय आहेच.

आणि मूळ प्रत कोणती, हा प्रश्न तर आमच्या संस्थानच्या जन्मकथेपासूनच आहे. जयबा मुकण्यांनी इथल्या वारली राजाकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जमीन मागितली. राजा हो म्हणाला. जयबांनी कातड्याच्या बारीक पट्ट्या काढून त्या एकापुढे एक लावल्या आणि त्यात मावेल तेवढा मुलूख घेतला. हीच गोष्ट भूमध्य समुद्राकाठी कार्थेज वसवणाऱ्या डायडो राणीचीही सांगतात. कुठल्या मिररवरून कुठे उतरली, कोणास ठाऊक. आकार जुळतो. तारीख दोन्हीकडे नाही.

खोट्या तारखेचा खरा उपद्रव होतो तो ती खरीसारखी दिसली तरच. आमच्या भागातल्या एका शाळेत संगणकांची खोली आहे. पावसाळ्यात वीज जाणं-येणं चालूच. यंत्राच्या पोटात घड्याळ चालू ठेवायला सीआर २०३२ नावाची रुपयाएवढी चपटी बॅटरी असते. ती संपली, की वीज गेल्यावर यंत्र काळच विसरतं आणि परत आल्यावर सांगतं, आज १ जानेवारी २००२. मग मजा सुरू होते. ब्राउजर म्हणतो, या संकेतस्थळाचं प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही. लिनक्सला नवीन काही उतरवायला सांगावं तर कोठाराची सही केलेली यादी बघून ते म्हणतं, ही यादी अजून वैध नाही, आणि वैध व्हायला किती काळ उरलाय तेही सांगतं. या यादीला मुदतही असते, आणि ती उगाच नसते. एखादी आळशी किंवा लबाड मिरर सहा महिन्यांपूर्वीची यादी पुढे करील, त्यावर सही अस्सलच असेल, आणि मधल्या दुरुस्त्या तुमच्यापर्यंत पोचणारच नाहीत. म्हणून दुधाच्या पिशवीवर छापतात तशी यादीवर तारीख. पण तारीख वाचणाराच २००२ मध्ये बसलेला असेल तर छापून काय उपयोग?

त्या खोलीतल्या मुलांनी क्षेत्रभेटीचा अहवाल टंकून ठेवला होता. दाभोसा धबधबा, जयविलास राजवाडा, शिरपामाळ. भाषा छान, फोटो छान. फाईलची तारीख जानेवारी २००२, वेळ सेकंदापर्यंत बिनचूक. लिहिणारी मुलगी तेव्हा जन्मली नव्हती. १ जून वाचून कोणी फसत नाही, तहसीलदारही नाही. पण सात वाजून तेवीस मिनिटं नऊ सेकंद असं काही दिसलं की भलाभला माणूस मान डोलावतो. मला विचाराल तर गुरुजींचा १ जून हा प्रामाणिक खोटेपणा आहे आणि बॅटरी संपलेल्या यंत्राचे नऊ सेकंद हा अप्रामाणिक खरेपणा. भाचा म्हणाला, ‘मामा, हे कॉन्फरन्सला बोल.’ मी म्हटलं, आधी बॅटरी बदल.

बॅटरी बदलली. अहवालाची तारीख अजून २००२च आहे.

एरवी गमतीत घालवता येतं, पण तारखेवरून ज्यांचं पोट ठरतं अशी माणसंही याच डोंगरात राहतात. २००६च्या वनहक्क कायद्याप्रमाणे आदिवासी शेतकऱ्याला दाखवावं लागतं, की १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून ही जमीन आपण कसतो आहोत. कागद कुठून आणायचा? ज्याचा स्वतःचा जन्म १ जूनला लागलेला, त्याच्या शेताला तारखेचा कागद कोण देणार? कामाला आल्या त्या दंडाच्या पावत्या. जंगलात अतिक्रमण केलं म्हणून जुन्या काळी वनखात्याने दंड केला, पावती फाडली, आणि ज्यांनी ती आड्याला खोचून ठेवली त्यांच्या हाती सरकारच्याच सहीचा पुरावा आला. गुन्हा केल्याचा तो कागद हक्काचा कागद झाला. ज्यांनी दंड टळावा म्हणून खात्याला काही कळूच दिलं नव्हतं, ते बिचारे मोकळ्या हाताने राहिले.

त्या कायद्याच्या नियमांनी आणखी एक शहाणपण केलं आहे. लेखी कागद नसेल तर गावातल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब चालतो. विहीर, बांध, घराचं जोतं, थडगी, देवाची जागा हाही पुरावा धरतात. बांधावरच्या झाडाचं खोड कवेत मावत नाही, तर ते मागच्या वर्षी लावलेलं नाही, एवढं कोणालाही कळतं. त्या झाडावर तारीख कोरलेली नसते हे एक बरं आहे. असती तर तिच्यावरूनही अपील झालं असतं.

शिवाय १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. संस्थान संपल्यापासून त्याआधीचा जव्हारचा प्रत्येक कागद जिल्हा ठाणे, नंतरचा जिल्हा पालघर. शाळेत १ जून, आणि आधार काढताना साल तेवढं सांगितल्यामुळे तिथे १ जानेवारी. एकाच माणसाचे दोन वाढदिवस, दोन जिल्हे; आणि दोन्हींची तोंडमिळवणी करायला प्रतिज्ञापत्र. त्या प्रतिज्ञापत्रावरची तारीख तेवढी पक्की असते, कारण त्या दिवशी माणूस स्वतः रांगेत उभा होता.

हल्ली घरोघरी जुने कागद मोबाइलने टिपून ठेवायची चांगली टूम निघाली आहे. आजोबांची दंडाची पावती, संस्थानी शिक्क्याचा कागद, शाळेचा दाखला. जरूर टिपा. पण लक्षात ठेवा, फोन त्यावर टिपल्याची तारीख मारतो, कागदाची नव्हे. आणि फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवला की आत असलेली तीही वेळ पुसली जाते आणि नावात उरतो तो ढकलल्याचा दिवस. तेव्हा फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि फाईलच्या नावातच कागदाची मूळ तारीख लिहा. ती माहीत नसेल तर साल लिहा आणि पुढे ‘अंदाजे’ लिहा. १ जून मात्र आता लिहू नका. ती जागा भरली आहे.